सातबाऱ्यावरची बंदूक

माझा धाकटा चुलतभाऊ मला दर दोन-तीन दिवसांनी एक व्हिडिओ पाठवतो. व्हिडिओत एक अमेरिकन माणूस झाडाला पाठ टेकून बसलेला असतो. अंगावर पानाफुलांच्या नक्षीचे कपडे, तोंडावर जाळी, गुडघ्यावर बंदूक. हातातल्या लाकडी डबीवर पट्टी घासून तो टर्कीच्या मादीचा आवाज काढतो. जरा वेळाने नर पिसारा फुलवून, लाल मान ताठ करून, भाव खात समोर येतो. धाड. पक्षी पडतो, माणूस हसतो, मित्र पाठ थोपटतात. उरलेला अर्धा व्हिडिओ बंदुकीबद्दल असतो. गॅसवर चालणारी घ्यावी की इनर्शियाची, बारा बोअर की वीस, नळी किती इंची, चोक कोणता. भाऊ खाली लिहितो, "दादा, कोणती घेऊ?"

तो शहादा तालुक्यात राहतो. टर्की त्याने पाहिलीय ती कुणाच्या तरी कुक्कुटपालनात, जाळीच्या आत. जंगली टर्की हा उत्तर अमेरिकेचा पक्षी, सातपुड्यात तो नाही आणि कधी नव्हता. तरी त्याला सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन हवी आहे. नुसती हौस असती तर मी मोबाइल म्यूट करून गप्प बसलो असतो. पण परवान्याच्या अर्जात कारण म्हणून त्याला "पीक संरक्षण" लिहायचंय, त्यासाठी सातबारा जोडायचाय, आणि त्या सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर माझंही नाव आहे. माझी ना-हरकत लागेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं. मी सही करणार नाही म्हणालो. तेव्हापासून घरात जे चाललंय ते चाललंय. काकू फोनवर दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत. आणि भाऊ म्हणतो, "तुले काय समजस बंदूकमा?"

म्हणून आधी बंदुकीतलंच बोलतो.

शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एक गोळी सुटत नाही, मूठभर छर्रे सुटतात आणि पुढे जाताना पसरत जातात. नळीच्या टोकाला जी आवळ असते ती चोक, जितकी घट्ट तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एक काडतूस उडालं की त्याच्याच जोरावर रिकामं कवच बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस नळीत बसतं. हात हलवायचा नाही, फक्त पुन्हा घोडा दाबायचा. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अशी पहिली यशस्वी शॉटगन काढली, तीही अमेरिकेत न बनता बेल्जियममध्ये बनू लागली. काहींत बारुदाचा थोडा वायू वळवून यंत्र फिरवतात, ती गॅसवाली. तिचा खांद्याला धक्का कमी, पण काजळी जास्त, साफसफाई जास्त. इनर्शियाची इटालियन पद्धत बंदुकीच्या मागे सरकण्यावर चालते. ती स्वच्छ राहते, पण धक्का देते. हे सगळं मला भावाच्याच कृपेने समजलं.

आता टर्कीच्या शिकारीला यातलं काय लागतं? तीस-चाळीस पावलांवर पक्षी उभा असतो, जवळजवळ न हलता. नेम डोक्यावर आणि मानेवर धरायचा, घट्ट चोक लावायचा, एकदाच घोडा दाबायचा. पहिला बार चुकला तर पक्षी गेला. हे ते व्हिडिओवालेच सांगतात. म्हणजे या शिकारीला एकनळीही पुरते, आणि अमेरिकेत कित्येक म्हातारे शिकारी तीच वापरतात. मग झटपट दुसरं-तिसरं काडतूस भरणारं यंत्र कशाला? कमी धक्क्यासाठी, चुकलेल्या बारानंतरच्या संधीसाठी, आणि खरं सांगायचं तर दुकानात नवीन मॉडेल आलंय म्हणून. त्यांचा बाजार आहे, त्यांनी करावा. पण ज्या शिकारीत एकच बार लागतो तिच्या नावावर पाच बारांची बंदूक विकणारा माणूस मला कलेबद्दल बोलू लागला की मी खिसा चाचपतो.

भावाचं मोठं हत्यार मात्र वेगळं आहे. तो म्हणतो, शिकारीनेच अमेरिकेत टर्की वाचवली. यात तथ्य आहे, नाही म्हणून मला चालणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली जंगली टर्की बहुतेक राज्यांतून संपत आली होती, जंगलतोडीने आणि बेबंद शिकारीने. १९३७ साली तिथे कायदा झाला आणि लांब बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळू लागला. ठराविक हंगाम, ठराविक संख्या, वसंतात बहुतेक ठिकाणी फक्त नर. पक्षी परत आला. पण तो आला कसा, हे व्हिडिओत दाखवत नाहीत. जिथे तो उरला होता तिथे त्याला जाळी टाकून जिवंत पकडलं आणि जिथून संपला होता तिथे नेऊन सोडलं. काम जाळ्याने झालं, पैसा बंदुकीवाल्यांनी दिला. शिवाय त्यांनी आधी वाट्टेल तेवढी मारून पाहिली होती, हेही त्या हिशेबात धरायला हवं. आपल्याकडे असा कर नाही, असा हंगाम नाही, जंगलात शिरणाऱ्या हौशी माणसाची मोजदाद करणारं खातं नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला त्यात जागा उरलेली नाही. तितर असो, लावा असो, मोर तर सोडाच, बंदूक घेऊन मारला की गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे भावालाही माहीत आहे. म्हणूनच अर्जात शिकार नाही, पीक संरक्षण.

पिकाचा प्रश्न खोटा नाही. ऊस, मका, केळी, पपई. शहादा-तळोद्याकडच्या ज्याचं शेत डोंगराच्या किंवा नाल्याच्या कडेला आहे त्याला रानडुकरांबद्दल विचारा. एका रात्रीत मक्याचा अर्धा एकर लोळवतात. २०१५ साली राज्य सरकारने पिकांची नासधूस करणारी रानडुकरं आणि रोही वनखात्याच्या परवानगीने मारता येतील असा निर्णय घेतला, तो उगाच नाही. त्या शेतकऱ्याची चेष्टा करणारा शहरी प्राणिमित्र मला बंदूकवाल्याइतकाच परका वाटतो.

पण हा युक्तिवाद वापरायचाच तर नीट वापरावा. टर्कीच्या व्हिडिओतली बंदूक आणि काडतुसं पक्ष्याच्या मानेसाठी आहेत. ते बारीक छर्रे चरबीच्या जाड कातडीच्या डुकराला मारत नाहीत, जखमी करतात, आणि जखमी डुक्कर पहाटे पहिल्यांदा भेटतं ते पाणी द्यायला आलेल्या माणसाला. दुसरं, डुकरं रात्री येतात. रात्री आपल्या शेतात कोण असतं? आपण नसतो. आपण घरी पंख्याखाली असतो. शेतात असतो सालदार, त्याची बायको, कधी दोन पोरं. धडगाव-अक्राणीकडचं पावरा किंवा भिल कुटुंब, उसाच्या बांधावर पाचटाच्या खोपीत झोपलेलं. रात्री उसात सळसळ झाली की ती दर वेळी डुकराची नसते. टॉर्च घेऊन तीन बार एका दमात सोडणारं यंत्र मी त्या सातबाऱ्यावर कसं येऊ देऊ? पहिल्या बारानंतर थांबून पाहावं लागणं ही जुन्या बंदुकीची अडचण होती म्हणतात. मला ती अडचण हवी आहे.

कायद्यातही एक गंमत आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचं १३ वं कलम. परवाना कुठल्या बंदुकीला सहज द्यावा हे सांगताना त्यात म्हटलंय, की संरक्षण किंवा खेळ यासाठी किमान वीस इंची नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि प्रामाणिक पीक संरक्षणासाठी ठासणीची. तोंडातून बारूद भरायची, गजाने ठासायची, ती. ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी. म्हणजे स्वतंत्र भारताच्या कायद्याने बंदुकीची निवड माणूस बघून आधीच करून ठेवली होती. खेळणाऱ्याला चांगली, राबणाऱ्याला ठासणीची. त्याआधी १८७८ चा इंग्रजांचा कायदा होता, त्यात भारतीयाला परवाना लागे आणि युरोपियनाला सूट असे. आपण त्या पायरीवरून फार खाली उतरलो असं मला वाटत नाही.

आमच्या घरात दुनळी होती. आबांची, म्हणजे आजोबांची. ती पाखरांसाठी आहे असं घरात म्हणत. आबा तितर मारून आणत आणि आजी ते मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर शिजवायची, हे मी ऐकलंय. मी स्वतःही एकदा खाल्लंय, लहानपणी, आणि चव आठवते. खोटं कशाला बोलू. पण ती बंदूक टांगलेली असायची ओसरीवर, भिंतीच्या मधोमध, जिथे आखाजीला सालदार हिशेबाला येऊन जमिनीवर बसत. तितर ओसरीवर येत नाहीत. आबा गेल्यावर ती पोलिस ठाण्यात जमा झाली आणि भिंतीवर दोन खुंट्या राहिल्या. भावाला त्या खुंट्या दिसतात. मला त्यांच्या समोरची जमीन दिसते.

कारण आमच्या तालुक्यात बंदूक म्हटलं की पाटीलवाडी आठवावी लागते. मे १९७१. टंचाईचे दिवस, धान्याच्या प्रश्नावरून आदिवासी जमले. ते लुटायला आले होते असं एक बाजू म्हणाली, मागायला आले होते असं दुसरी. बागायतदारांच्या बाजूने गोळ्या सुटल्या आणि माणूस मेला. त्याआधी कित्येक वर्षं पीक संरक्षण सोसायट्या होत्याच. नाव पुन्हा पाहा, पीक संरक्षण. शेतातली चार कणसं घेतली म्हणून रखवालदारांनी दंड केला, मारलं, अशा तक्रारींचा ढीग होता. अंबरसिंग सुरतवंती या भिल कार्यकर्त्याने माणसं जमवायला सुरुवात केली होती, शहरांतून शिकलेली पोरं येऊन मिळाली, १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराचा पगार, गहाण गेलेल्या जमिनी, बायकांवरचे अत्याचार, सगळं त्यातून बाहेर आलं. महाराष्ट्रातल्या चळवळींवरच्या पुस्तकांत शहाद्याचं नाव आहे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ते कधी नव्हतं.

पाटीलवाडीशी आमच्या घराचा संबंध नव्हता असं मला लहानपणापासून सांगितलंय आणि मी ते खरं धरतो. पण आमच्या तालुक्यात पीक संरक्षण हे दोन शब्द कोरे नाहीत. ते लिहून त्याखाली माझी सही घेणं म्हणजे नुसता फॉर्म भरणं नव्हे. भाऊ म्हणतो, तेव्हा माझा जन्म पण नव्हता. माझाही नव्हता. ज्या पावरा सालदाराच्या खोपीसमोर तू बंदूक साफ करत रील काढशील त्याचाही नसेल. पण त्याच्या आजोबाने त्याला सांगितलेलं असेल, जसं माझ्या आजोबाने मला सांगितलं नाही.

कॉमेंटमध्ये एक जण हमखास लिहितो, "आदिवासी शिकार करतात ते चालतं, मग आम्ही केली तर?" एक तर चालत नाही. दोन लाव्हे पकडले म्हणून वनखात्याच्या फेऱ्यात अडकणारा माणूस कोण असतो ते जाऊन पाहा. पण तेही बाजूला ठेवू. भिलाचा कामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्या चिवट पट्टीची. पाखरासाठी बाण बोथट टोकाचा, म्हणजे मांस फाटत नाही आणि बाण परत वापरता येतो. त्याला जवळ जावं लागतं, वारा बघावा लागतो, आणि दहा वेळा रिकाम्या हाताने परत यावं लागतं. पाखरू मिळालं तर कालवण होतं. मी त्याची आरती करत नाही. गिलोलीने आणि फाशाने पोरं दिसेल ते टिपतात आणि त्यात फार नुकसान होतं. पण भुकेपोटी जवळ गेलेला माणूस आणि लाइकसाठी लांबून मारणारा माणूस यांना एका ओळीत बसवणं ही लबाडी आहे. खानदेशात इंग्रज आला तेव्हा त्यानेही हेच केलं. १८२५ साली जेम्स औटरमने भिल पलटण उभारली. तो वाघांचा नामांकित शिकारी, आणि त्याच्या त्या धाडसावर भिल खूश झाले असं इतिहासात कौतुकाने लिहितात. कामठेवाल्याच्या हातात सरकारी बंदूक आली आणि ती पहिल्यांदा रोखली गेली ती दुसऱ्या भिलावर. वाघांचं पुढे काय झालं ते आपल्यासमोर आहे.

आणि आता पक्ष्याकडे येतो, कारण बंदूक पक्ष्यासाठीच हवी आहे ना?

आपल्या जिल्ह्याचा जगाला माहीत असलेला पक्षी एकच, रानपिंगळा. छोटं घुबड, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती तपकिरी. बाकी घुबडांसारखा हा दिवसा लपत नाही, उन्हात उघड्या फांदीच्या टोकावर बसतो. म्हणजे नेम धरायला याच्याइतकं सोपं पाखरू नाही. १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, ते मारलेल्या पक्ष्यावरून. तेव्हा पक्षी ओळखायची रीतच ती होती, मारा आणि भुसा भरा. जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात आपल्याच पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने मारले. सगळ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, आणि १८८४ नंतर पक्षी कुणाला दिसलाच नाही.

याच्या पुढचं प्रकरण चोरीचं आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन, ब्रिटिश लष्करातला नामांकित पक्षीसंग्राहक. आपण १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मारला असा त्याचा दावा होता. लोक त्यावर विसंबले. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनीही हा पक्षी शोधला, त्यांना मिळाला नाही. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने कर्नलचा नमुना तपासला. क्ष-किरण काढले, शिवण पाहिली, आणि तो डेव्हिडसनचाच जुना नमुना निघाला. ब्रिटिश म्युझियममधून ढापलेला, उसवून पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. मारल्याची बढाईसुद्धा खोटी होती! व्हिडिओवाल्या माझ्या भावा, हा तुझ्या जातीचा मूळ पुरुष. मारण्यापेक्षा मारल्याचं दाखवणं मोठं.

खोटी ठिकाणं वगळून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर १९९७ मध्ये निघाले. आधी पूर्व भारतात फिरले, काही मिळालं नाही. मग शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला आले, आणि तिथे तो भर सकाळी उघड्या फांदीवर बसलेला होता. ११३ वर्षांनी. त्यांच्या हातात दुर्बीण आणि व्हिडिओ कॅमेरा होता. त्या वेळी नंदुरबार जिल्हाही अस्तित्वात नव्हता, तो पुढच्या वर्षी धुळ्यातून वेगळा झाला. रानपिंगळा जिल्ह्यापेक्षा जुना रहिवासी आहे, तोही सातबारा नसलेला.

पुढे तोरणमाळ-तळोद्याकडे, मेळघाटात आणि आणखी काही जंगलांत तो सापडला. तरी तो आजही संकटग्रस्त यादीत आहे. ज्या डोंगरात तो बसतो तिथून आमचं शेत गाडीने तासाभरावर आहे. "पक्षी मारायला" परवाना काढणारा, मांडीवर बंदूक घेऊन बसणारा आणि प्रत्येक लहान घुबडाला पिंगळा म्हणणारा पोरगा त्याला ओळखेल? मला स्वतःला ओळखता येत नाही. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा साधा ठिपकेवाला पिंगळा बघून आलो आणि रानपिंगळा दिसला असं घरी सांगायचा मोह मोठ्या कष्टाने आवरला.

भावाने मागच्या आठवड्यात नवा मुद्दा काढला. म्हणाला, शिकार करणार नाही, नुसती ठेवणार, रुबाब पडतो. निदान हे तरी खरं बोलला. मी त्याला विचारलं, कुठे ठेवशील? म्हणाला, ओसरीवर, त्याच खुंट्यांवर. मी विचारलं, खाली बसणाऱ्यांना कुठे बसवशील? तो म्हणाला, आता सालदार खाली बसत नाहीत दादा, त्यांना खुर्ची देतो आम्ही.

खुर्ची देतात हे खरं आहे, मी पाहिलंय. प्लॅस्टिकची, निळी. ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते.

ना-हरकतीचा कागद माझ्याकडे पडून आहे. काकूंचा परवा फोन आला होता, तिसरं वाक्य बोलल्या. म्हणाल्या, खुंट्या काढून तिथे टीव्ही लावायचा का विचार कर. मी हो म्हणालो आहे. भाऊ अजून म्हणालेला नाही, पण काल व्हिडिओ आला नाही.